शांत पाण्याचें वेळापत्रक

नदीवर सहलीला जाण्याची हौस आपल्या शहरी कुटुंबांत अलीकडे चांगलीच वाढली आहे, आणि ती वाढली ह्याचा मला आनंदच आहे. नाताळच्या सुट्टींत किंवा होळीच्या सुमारास मालवणकडे, गोव्याकडे, नाहींतर एखाद्या धरणाच्या जलाशयाकडे गेलेलीं माणसें परत आलीं, कीं कयाकमध्यें बसल्याच्या गोष्टी सांगतात, छायाचित्रें दाखवितात, आणि पुढच्या खेपेस कोणाच्या सोबतीवांचून, आपलें आपण चार तास पाण्यांत हिंडून यावें असा बेत करतात. त्यांपैकीं पुष्कळजण माझ्यापाशीं एकच वाक्य बोलतात : "नदी अगदीं शांत आहे हो, मास्तर." आजचें माझें बोलणें ह्या 'शांत' शब्दाविषयीं आहे.

आपण सकाळीं आठ वाजतां नदीकांठीं उभें राहून जें पाणी पाहतों, तें आठ वाजतांचें पाणी असतें. अकरा वाजतां तें तसेंच असेल असें नदीनें कोणालाहि लिहून दिलेलें नाहीं. डोंगरांतून खळाळत येणाऱ्या नदीचा एक मोठा गुण असा, कीं ती आपला स्वभाव लपवीत नाहीं. तिचा आवाज ऐकूनच नवखा मनुष्य चार पावलें मागें सरतो. शांत नदी कोणालाच मागें सारीत नाहीं. ती लहान मुलांना बोलावते, पोहतां न येणाऱ्यांना बोलावते, साडी नेसलेल्या मावशींनाहि बोलावते. म्हणून शांत नदीवरच्या सहलीचा बेत हा मुख्यतः घड्याळाचा बेत आहे. कोठें जावयाचें हा प्रश्न मागाहूनचा. केव्हां निघावयाचें, केव्हां वळावयाचें आणि पाण्याबाहेर केव्हां यावयाचें हें आधीं ठरलें पाहिजे.

प्रथम ह्या वाहनाविषयीं दोन शब्द. कयाक ही मूळ उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशांत राहणाऱ्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून बसविलेलें, आणि मध्यें एका माणसापुरतें भोंक. बसणाऱ्यानें दोन्ही टोकांना पातें असलेलें वल्हें आळीपाळीनें डावीउजवीकडे मारावयाचें. कॅनू ही तिची दूरची बहीण. ती वरून उघडी, आणि तिचें वल्हें एकपाती. आपल्याकडे भाड्यानें मिळते ती बहुधा प्लास्टिकची कयाक, आणि तिच्यांत बसावयाचें म्हणजे खरें पाहतां तिच्यावर बसावयाचें असतें. ती बुडत नाहीं हें खरें. परंतु ती उलटते. आणि बसणारा पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम वीतभर उंच असल्यामुळें, वारा व लाट ह्यांचें जें लांबून दिसावयास पाहिजे तें त्याला फार उशिरां दिसतें. तांडेल आपल्या मोठ्या होडींत उभा राहून जें पाहतो, तें आपल्याला बसल्याजागीं दिसणार नाहीं, हें गृहीत धरूनच निघावें.

आतां दोन दुःखद गोष्टी सांगणें मला भाग आहे. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची होडी उलटली, आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. तो तलाव शहरांतला. तेथें ना ओढ, ना भरती, ना लाट. होडींत मावतील त्यांहून अधिक जणांना बसविलें होतें, आणि पुष्कळ मुलांच्या अंगावर जाकिटें नव्हतीं. त्याच वर्षीं २१ मे रोजीं संध्याकाळीं उजनीच्या जलाशयांत, करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यांत सांपडून बुडाली आणि सहा माणसें गेलीं. उजनीचें पाणी म्हणजे धरणानें अडविलेली भीमा नदीच. एरवीं तेथें पाण्यांत कांठावरच्या बाभळीचें प्रतिबिंबहि हलत नाहीं. आयुष्य शाळेंत घालविलेल्या माणसाला ह्यांतील पहिली बातमी वाचतांना काय वाटलें असेल, हें मी येथें सांगत बसत नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणीं पाणी 'शांत' होतें, एवढें ध्यानांत ठेवून पुढचें ऐकावें.

उदाहरणादाखल आपण सिंधुदुर्गांतील कर्ली नदी घेऊं. कारण कयाकच्या हौसेनें तिकडे जाणारांची संख्या मोठी आहे, आणि शिकावयास तेथें सर्व कांहीं आहे. ही नदी सह्याद्रीकडून कुडाळच्या बाजूनें येते, नेरूरपारच्या पुलाखालून पुढें सरकते, आणि तारकर्ली-देवबागेपाशीं समुद्राच्या अगदीं शेजारीं येऊन पोंचते. तेथें एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, आणि मध्यें माडांनीं भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोंकाला संगम. पलीकडच्या तीरावर भोगवे. नदीच्या बाजूचें पाणी सकाळीं असें स्तब्ध असतें, कीं पाहणाऱ्याला तळ्याची आठवण व्हावी. पण तें तळें नव्हे. शेजारचा समुद्र दिवसांतून दोनदां ह्या नदींत येऊन जातो.

भरतीओहोटीचें गणित आपल्या कोंकणांत पिढ्यान् पिढ्या तोंडीं चालत आलें आहे, आणि तें इतकें सोपें आहे, कीं चौथींतला मुलगा करील. तिथीची पाऊणपट केली, कीं पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल, तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारीं आणि मध्यरात्रीं बाराच्या मागेंपुढें. भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा अडाखा ढोबळ आहे. किनाऱ्यानें दक्षिणेकडे जावें तशी भरती मुंबईपेक्षां थोडी आधीं येते, आणि नदीच्या आंत जावें तशी ती उशिरां पोंचते. तेव्हां अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरलाच पाहिजे. नेमकी वेळ हवी असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचीं भरतीओहोटीचीं छापील कोष्टकें दरवर्षीं निघतात, आणि मोबाइलवरहि ती माहिती मिळते. तरीहि पाऊणपटीचा हिशेब स्वतः करून पाहावा असा माझा आग्रह आहे. कोष्टक वाचलेला मनुष्य आंकडा विसरतो. हिशेब केलेल्या माणसाच्या मनांत चंद्र आणि पाणी ह्यांची गांठ पक्की बसते.

वेळेइतकाच जोरहि महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतें, तेव्हां पाणी पुष्कळ चढतें आणि पुष्कळ उतरतें; अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हां ही चढउतार कमी. पुन्हां, सहा तासांच्या भरतींतहि पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पावेत. पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन, आणि सहाव्यांत पुन्हां एक. ओहोटीचेंहि तसेंच. म्हणजे ज्या पाण्यांत आपण ओहोटीच्या पहिल्या तासांत लीलेनें वल्हवीत होतों, तेंच दोन तासांनीं तिप्पट ओढीनें समुद्राकडे धांवत असतें. आणि वरून तें पूर्वीइतकेंच गुळगुळीत दिसतें.

ह्या ओढीचा अर्थ अंकगणितानें समजून घेऊं. नवखीं माणसें विश्रांति घेत घेत वल्हवूं लागलीं, तर तासाला चार किलोमीटर गेलीं तरी पुष्कळ. समजा, ओहोटीची ओढ तासाला तीन किलोमीटर आहे. ओढीबरोबर संगमाकडे निघालेली मंडळी तासाभरांत सात किलोमीटर जातात आणि म्हणतात, काय आपली शक्ति! परत फिरल्यावर चारांतून तीन वजा जातात, उरतो एक. सात किलोमीटर परत यावयास सात तास; आणि तेहि एवढ्या वेळांत हात थकले नाहींत, ऊन चढलें नाहीं आणि वारा सुटला नाहीं तर. प्रत्यक्षांत ओहोटी मध्येंच संपते आणि सुटका होते; पण तोंपर्यंत ही मंडळी कोठें असतील? संगमावर, जेथें बाहेर निघणारें नदीचें पाणी आणि आंत येणारी समुद्राची लाट समोरासमोर येतात. अशा ठिकाणीं लाटा आंखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. मोठ्या यांत्रिक होडींतून संगम जरूर पाहावा, सुंदर आहे. कयाकमधून ओहोटीच्या वेळीं तिकडे तोंड करूं नये.

तेव्हां पहिला निर्णय हा, कीं निघावयाचें तें चढत्या पाण्याबरोबर, नदीच्या वरच्या अंगाला; आणि परतावयाचें तें उतरत्या पाण्याबरोबर. थकलेल्या वेळीं नदी आपल्याला घरीं आणते. मात्र उतरण्याची जागा संगमापासून पुष्कळ आंत असावी, आणि तिची खूण, एखादा धक्का, देऊळ, ठळक घर, ही जातांनाच मागें वळून पाहून ठेवावी; कारण परततांना नदीचा कांठ निराळाच दिसतो.

दुसरें म्हणजे वारा. आम्ही भूगोल शिकविणाऱ्यांनीं 'खारे वारे आणि मतलई वारे' हा धडा वर्षानुवर्षें शिकविला आणि मुलांनीं तो परीक्षेपुरता पाठ केला. पण कयाकमध्यें बसणाराला त्या धड्याइतकें उपयोगी दुसरें कांहीं नाहीं. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर थंड होते, आणि पहांटेपर्यंत मंद वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. सूर्य वर आला, जमीन तापली, कीं वारा फिरतो आणि समुद्राकडून येऊं लागतो, तो खारा. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत सकाळीं उशिरां तो सुटतो आणि दुपारीं तीनच्या सुमारास ऐन जोरांत असतो. वरून खालीं, म्हणजे समुद्राच्या दिशेनें परतणाऱ्या मंडळींना तो नेमका तोंडावर. वाऱ्यानें कयाकचें नाक एकसारखें आडवें फिरतें, आणि नवखा मनुष्य आपली निम्मी शक्ति पुढें जाण्यांत आणि निम्मी सरळ राहण्यांत खर्च करतो. त्यांतच उतरतें पाणी पश्चिमेकडे आणि वारा पूर्वेकडे, अशी दोघांची समोरासमोर गांठ पडली, कीं जें पाणी सकाळीं आरशासारखें होतें त्यावर ठेंचाळल्यासारख्या लाटा उठतात. माडाच्या झावळ्या सारख्या हलूं लागल्या, किंवा लाटांच्या माथ्यावर ठिकठिकाणीं पांढरा फेस दिसूं लागला, कीं नवख्यांनीं पाण्यावर राहूं नये. चैत्र-वैशाखांत तर आणखी एक भय : वळीव. पूर्वेकडे काळे ढग जमले, कीं पाऊस येण्याच्या आधींच वाऱ्याचा झोत येतो. वीज दिसली वा गडगडाट ऐकूं आला, तर जवळचा कांठ गांठून बाहेर पडावें. ठरविलेल्या जागेचा विचारहि करूं नये.

आतां दोन्ही हिशेब एकत्र मांडूं. आपल्याला सकाळींच जावयाचें आहे, खारा वारा जोर धरण्यापूर्वीं परतावयाचें आहे, आणि चढत्या पाण्याबरोबर जाऊन उतरत्याबरोबर यावयाचें आहे. अशी तिथि कोणती? बाराची पाऊणपट नऊ. शुद्ध किंवा वद्य द्वादशीला नऊच्या सुमारास पूर्ण भरती. उजेड चांगला झाल्यावर सात वाजतां निघावें, पावणेनऊला थांबावें, कांठाला लागून दशम्या खाव्यात, पाणी फिरूं द्यावें, साडेनऊला परत निघावें आणि अकराच्या आंत जमिनीवर असावें. उधाण तीन दिवसांवर आहे म्हणून ओढ मध्यम. ज्यांना मुलें बरोबर न्यावयाचीं आहेत त्यांनीं दशमी पाहावी. ओढ आणखी कमी, फक्त पाणी साडेसातलाच फिरतें म्हणून सहल आंखूड होते, आणि मुलांना ती आंखूडच बरी. आपले लोक मात्र बहुधा आधीं रेल्वेचें तिकीट काढतात, मग खोली ठरवितात, आणि नदीला त्या तारखेशीं जुळवून घ्यावयास सांगतात. पंचांग घरांत असतें. लग्नाचा मुहूर्त पाहण्याला तें चालतें, तर सहलीला कां चालूं नये?

पावणेनऊला वळावयाचें म्हणजे पावणेनऊलाच. त्या वेळीं आपण नेरूरपारच्या पुलापाशीं असूं, त्याच्या अलीकडे असूं, कीं एखाद्या खारफुटीच्या वळणावर असूं, ह्याला महत्त्व नाहीं. 'तो पूल पाहूनच परतूं' असा ठराव केला, कीं घड्याळ खिशांत जातें. आणि ठिकाण गांठण्याची ईर्ष्या मुलांपेक्षां त्यांच्या वडिलांना अधिक असते, असें मी शाळेच्या सहलींत पुष्कळदां पाहिलें आहे.

खारफुटीचें नांव निघालें म्हणून सांगतों. तिच्या फांद्यांखालीं सांवली असते, पक्षी दिसतात, आणि प्रत्येकाला तेथें शिरावेंसें वाटतें. स्थिर पाण्यांत शिरावें. ओढ असतांना मात्र पाणी फांद्यांमधून आरपार जातें आणि होडी अडकते. मग वरच्या बाजूनें येणारें पाणी तिला दाबून उलटवितें. होडी एखाद्या फांदीवर किंवा खांबावर आडवी लागलीच, तर मनुष्य स्वभावतः त्या फांदीपासून दूर झुकतो, आणि तेंच चुकतें. अडथळ्याकडे झुकावें, त्याला हात लावून होडी सरकवीत बाहेर काढावी. ओहोटीच्या शेवटीं उथळ जागीं होडी रुतली, तर खालीं उतरून ढकलण्याची घाई करूं नये. तो चिखल गुडघ्यापर्यंत पाय गिळतो, आणि त्यांतील कालवांच्या धारांनीं अनवाणी पाय चिरतात. पायांत पट्ट्यांची घट्ट पादत्राणें हवीं, तीं ह्याकरितां.

खाडी सोडून देशावरच्या नद्यांकडे वळलों, तर तेथें भरती नाहीं. पण पाण्याचें वेळापत्रक तेथेंहि आहे, आणि तें माणसाच्या हातीं आहे. कोलाडची कुंडलिका पाहा. तेथें नौकाविहार चालतो तो मुळशी धरणाचें पाणी भिऱ्याच्या विद्युत्केंद्रांतून सोडलें जातें त्यावर. पहांटे ज्या खडकांवर आपण बसलों होतों, ते पाणी सुटल्यावर दिसेनासे होतात. धरणाखालच्या कोणत्याहि नदीवर जावयाचें, तर पाणी केव्हां सुटतें हें पाटबंधाऱ्याच्या चौकीवर किंवा गांवच्या पाटलाकडे विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये.

आणि बंधारे. कृष्णा, पंचगंगा, भीमा ह्या नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे किती आहेत, हें तिकडच्या श्रोत्यांना सांगावयास नकोच. पावसाळा सरल्यावर खांबांच्या मधल्या खांचांतून बरगे घालतात, पाणी अडतें, आणि मागें मैलोगणती संथ फुगवटा तयार होतो. कयाकला याहून सुंदर पाणी नाहीं! पण त्या फुगवट्याच्या खालच्या टोंकाला तो बंधारा आहे, आणि वरच्या बाजूनें येणाराला तो दिसत नाहीं. दिसते ती पाण्याची एक सरळ रेघ, आणि तिच्यापलीकडे एकदम खालचीं झाडें. पाणी बंधाऱ्यावरून पडत असेल, तर पडलेलें पाणी तळाशीं बुडी मारतें आणि पृष्ठभागावरचें पाणी उलटें, बंधाऱ्याकडे, फिरतें. त्या फिरकींत सांपडलेली वस्तु पुनःपुन्हां भिंतीकडे ओढली जाते. ओंडके तेथें दिवसच्या दिवस गिरक्या घेतात. जाकीट अंगावर असूनहि मनुष्य तेथून सुटत नाहीं. ३० ऑक्टोबर २०२१ रोजीं वेल्समध्यें हॅव्हरफर्डवेस्ट गांवीं क्लेडाउ नदीवर फळीवर उभें राहून वल्हविणाऱ्या मंडळींतील चारजण अशाच एका बंधाऱ्यावर मरण पावले. त्या दिवशीं नदी पावसानें भरलेली होती. बरगे घातलेले असतां फटींतून पाणी जात असेल, तर खांबाशीं होडी चिकटून बसण्याचें भय निराळेंच. म्हणून बंधारा कोठें आहे हें आदल्या दिवशीं रस्त्यानें जाऊन पाहून यावें, त्याच्या बऱ्याच अलीकडे कांठाला लागावें, आणि पुढें जावयाचेंच असेल तर होडी खांद्यावर घेऊन चालत जावें. सांगलीकडच्या कृष्णेंत मगरी आहेत, हेंहि जातां जातां नमूद करतों. तेथें हौशी लोकांनीं कयाक घालूं नये.

साहित्याची यादी मी लांबवीत नाहीं. एकाच वस्तूविषयीं बोलतों, आणि ती म्हणजे जाकीट. तें होडींत ठेवावयाचें नसतें, अंगावर असावें लागतें. आणि तें नुसतें अंगांत घालून चालत नाहीं, सर्व पट्टे आवळून बंद करावे लागतात. परीक्षा सोपी आहे. जाकीट घातल्यावर दुसऱ्यानें दोन्ही खांद्यांपाशीं धरून तें वर ओढावें. तें हनुवटीच्या वर सरकलें, तर पाण्यांत तें मनुष्याला सोडून एकटेंच तरंगणार. मोठ्यांचें जाकीट मुलाला चालत नाहीं. मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. 'मला उत्तम पोहतां येतें' असें सांगून जाकीट काढणारा गृहस्थ प्रत्येक मंडळींत एक असतोच. त्याला वाद न घालतां कांठावर ठेवावें. शिवाय प्रत्येकाच्या जाकिटाला शिटी बांधलेली असावी. वाऱ्यांत हांक पोंचत नाहीं, शिटी पोंचते. पदर, ओढणी, लोंबते दोर हे पायांत अडकतात, ते नकोत. डोक्याला टोपी आणि माणशीं दोन लिटर पिण्याचें पाणी हवें.

आणि निघण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां मुद्दाम पडून पाहावें. छातीइतक्या स्थिर पाण्यांत, कांठाजवळ, हंसतखेळत होडी उलटवावी. ती धरून ठेवावी, सुलट करावी आणि पोटावर सरपटत पुन्हां चढावें. जो अशा रीतीनें तीनदां चढला त्याची भीति ओसरते. आणि ज्याला चढतां येत नाहीं असें कळतें, त्यानें कांठाकांठानेंच जावयाचें हें ठरतें. खरोखर उलटल्यावर होडी सोडूं नये. डोकें दिसणार नाहीं एवढ्या अंतरावरून पिवळी होडी दिसते. ओढीच्या पाण्यांत पाय टेंकून उभें राहण्याचा यत्न करूं नये; पाय दगडांत अडकला, तर पाणी मनुष्याला पुढें पाडतें. पाय वर, प्रवाहाच्या दिशेला, आणि पाठीवर तरंगावें.

एकट्यानें जाऊं नये; तीन होड्या असल्या तर बरें. एकाला कांहीं झालें, तर एक त्याच्याजवळ राहतो आणि एक मदतीला जातो. सगळ्यांत मंद वल्हविणारा पुढें असावा आणि सगळ्यांत जाणता शेवटीं. आपण नेमकें उलट करतों, आणि मागें पडलेल्याकडे कोणाचेंच लक्ष नसतें. एक म्होरक्या आधींच नेमावा, आणि त्यानें 'नाहीं' म्हटलें तर तें विनातक्रार मान्य करावयाचें हा करार घरून निघतांनाच करावा. कांठावर पोंचल्यावर तो होत नाहीं. तेथें आगाऊ पैसे भरलेले असतात, मुलें कपडे बदलून उभीं असतात, आणि 'एवढ्या लांब आलों' हें कारण सर्व कारणांहून वजनदार होतें. पूर्वीं आमच्या शाळेची सहल खाडीच्या तरीवरून पलीकडे जावयाची होती. तरीवरचा तांडेल म्हातारा होता. त्यानें पाण्याकडे पाहिलें, मुलें मोजलीं, आणि एवढेंच म्हणाला, "मास्तरांनू, वारो पडांदे. मगे बघूया." आम्ही अडीच तास बसून राहिलों, मुलांनीं भेंड्या खेळून घेतल्या, आणि त्या दिवशीं त्यानें एका खेपेऐवजीं दोन खेपा केल्या, दुसऱ्या खेपेचे पैसेहि त्यानें घेतले नाहींत. कयाक भाड्यानें देणारा मनुष्य जर असा असेल, तर त्याला दोन पैसे अधिक द्यावेत. ज्याचें उत्तर प्रत्येक प्रश्नाला 'कांहीं होत नाहीं हो, साहेब' एवढेंच असतें, त्याच्याकडून होडी घेऊं नये.

अखेरची तयारी कागदावरची आहे. पाण्यावर न जाणाऱ्या एका शहाण्या माणसाजवळ, मग तो घरचा असो वा खोलीचा मालक असो, एक चिठ्ठी ठेवावी. तींत जाणारांचीं नांवें, होड्यांची संख्या व रंग, निघण्याची जागा, कोणत्या दिशेला जाणार, वळण्याची वेळ आणि परतण्याची वेळ एवढें लिहावें. त्याखालीं आणखी एक वेळ लिहावी : बारा. मोबाइल पाण्यापासून जपलेल्या पिशवींत बरोबर असतोच, पण खाडीच्या वळणावर तो लागेलच असें नाहीं. म्हणून बारा वाजेपर्यंत आपला निरोप आला नाहीं, तर त्या माणसानें आपली वाट न पाहतां, संकोच न करतां, ११२ ह्या क्रमांकावर कळवावें, आणि होडी समुद्राकडे गेल्याची शंका असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ ह्या क्रमांकावर. हें त्याच्याकडून एकदां मोठ्यानें वाचून घ्यावें. आणि अकरा वाजतां ओल्या अंगानें कांठावर आलों, कीं चहा मागविण्याच्या आधीं त्याला निरोप पाठवावा, म्हणजे त्यानें ती चिठ्ठी फाडून टाकावी.